बाजेवर वाळत घातलेली डिग्री

मी पदवीधर आहे. बी.एस्सी., रसायनशास्त्र, प्रथम श्रेणी. कुणाशी ओळख झाली की पहिल्या पाच मिनिटांत मी हे सांगून टाकते, आणि त्यात मला कसलाही संकोच वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. वडील चौथी पास. आई शाळेत जायची ती मतदान करायला.

आता कॉलेजच्या अंकासाठी माजी विद्यार्थ्यांकडून लिहून मागवलंय: तुम्हाला सगळ्यात जास्त अभिमान कशाचा वाटतो. मी डिग्रीवर लिहिणार हे ठरलेलंच होतं. पण लिहायला बसले तर परीक्षा आठवेनात, निकालाचा दिवस आठवेना. डोळ्यांपुढं सारखी आमच्या अंगणातली बाज यायला लागली, कुरडयांनी भरलेली. तेव्हा तीच गोष्ट सांगते.

आमचं गाव पोखर्णीच्या अलीकडं. तिथून मी तीन वर्षं एसटीनं परभणीला गेले. सकाळची गाडी साडेसहाला, ती चुकली की पुढची दहाला, आणि दहाच्या गाडीनं गेलं की प्रॅक्टिकल बुडलं. तीन वर्षांत माझी साडेसहाची गाडी दोनदा चुकली. एकदा गाडीच आली नाही, ती मी धरत नाही. पावसाळ्यात जर्नल भिजू नये म्हणून आईनं खताच्या पोत्यातलं प्लॅस्टिक कापून, दाभणानं शिवून मला पिशवी करून दिली होती. वर्गातल्या मुली त्या पिशवीला हसायच्या. जुलै-ऑगस्टात त्यांची जर्नलं पुरीसारखी फुगायची, माझं कोरडंच्या कोरडं. मग हसणं थांबलं आणि दोघींनी "काकूंना सांग ना गं" म्हणून पिशव्या मागून घेतल्या.

आमच्याकडं ज्याला त्याला आपल्या कशाचा तरी अभिमान असतो. वडलांना, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तिफणीचा. पेरणी करावी तर त्यांनीच. बांधावर उभं राहायचं, एक डोळा मिटायचा आणि पेरलेल्या तासाकडं बघायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ सुतात दिसली पाहिजे. आता ट्रॅक्टरनं पेरतात, तरी अण्णा बांधावर जाऊन एक डोळा मिटतातच, आणि ट्रॅक्टरवाल्याला काहीतरी बोलून येतात. शेजारच्या घरात आमची चुलती राहते. तिला तिच्या शेवयांचा अभिमान. तिच्या हातच्या शेवया सुईत ओवता येतील, असं ती स्वतःच सांगते.

आईचं मात्र असं काही नव्हतं. तिला विचारलं तर म्हणायची, "मला काय येतंय. भाकरी येत्यात."

निकाल लागून वर्ष होत आलं तरी विद्यापीठाचं मूळ प्रमाणपत्र हातात आलं नव्हतं. तोपर्यंत मी एका सरकारी परीक्षेला बसले होते. जिल्ह्यातल्याच एका कार्यालयात लिपिकाची जागा होती. निवड यादीत माझं नाव आलं. मग पत्र आलं की सोमवारी कागदपत्रांची तपासणी आहे, सगळी मूळ कागदपत्रं आणावीत, नाव आणि क्रमांक स्पष्ट वाचता यायला पाहिजेत, नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल. नशीब असं की त्याच आठवड्यात कॉलेजातून फोन आला, डिग्र्या आल्यात, घेऊन जा.

गुरुवारी दुपारी मी डिग्री घेऊन घरी आले. एप्रिलचं ऊन. फाटा ते घर एवढं चालताना फाइल मी छातीशी धरली होती आणि ओढणी डोक्यावर न घेता फाइलवर घेतली होती. अण्णा दारात उभेच होते, हातात फ्रेम. डिग्री यायच्या आधी महिनाभर त्यांनी परभणीहून सोनेरी काठाची काचेची फ्रेम आणून ठेवली होती. दुकानदारानं माप विचारलं तेव्हा अण्णांनी हाताच्या विती दाखवल्या होत्या, त्यामुळं ती डिग्रीच्या जवळजवळ दुप्पट निघाली. "असू दे," अण्णा म्हणाले, "पुढं आणखीन एखादी घिऊन टाक, दोन्ही बसत्यात." उद्या परभणीला जाऊन लॅमिनेशन करायचं आणि मग भिंतीवर लावायची, असा त्यांचा बेत.

मी फाइल देवापुढच्या पाटावर ठेवली आणि पेढे द्यायला चुलतीकडं गेले. गेले आणि आले, एवढाच वेळ. चुलतीनं पेढा तोंडात टाकून "आता लगीन कवा" विचारलं, मी "आधी सोमवार होऊ द्या" म्हणाले, तेवढाच.

परत आले तर आई देवापुढून उठत होती. चेहरा असा, की आत्ताच वाड्यावस्तीला जेवू घातलंय. हातात हळद-कुंकवाची ताटली.

इथं आमच्याकडची रीत सांगायला पाहिजे. नवी वस्तू घरात आली की आधी तिला हळद-कुंकू लागतं, मग ती वापरायची. पंखा आला, त्याच्या मधल्या गोलावर लावलं. विहिरीवरची मोटर आली, तिच्या पाठीवर. अण्णांची मोटारसायकल, चुलतीचा मिक्सर, फवारणीचा पंप, सगळ्यांना. माझा मोबाइल आला तेव्हा आईनं मागच्या बाजूला जो गोल दिसला त्याच्यावर बोट टेकवलं. तो कॅमेरा होता. महिनाभर माझे सगळे फोटो काविळीसारखे येत होते.

मी फाइलकडं बघितलं. डिग्री फाइलच्या बाहेर, पाटावर. मधोमध हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक बोट. बोट ओलं असणार, कारण दोन्ही रंग कागदावर पसरून एकमेकांत गेले होते. वर अक्षतेचा एक दाणा चिकटला होता.

"माय, हे कुठं लावलंस?"

"हळद-कुंकू लावलं की."

"ते दिसायलंय. पण नावावर?"

"मग कुठं लावू?" आई म्हणाली. "आधी वाटलं, खाली सह्या हायत तिथं लावावं. पण ते खालचं म्हंजे पाय झाले. कुंकू कपाळाला लावत्यात, पायाला न्हाई. तुझा फोटू असता तर फोटूलाच लावलं असतं. म्हून ह्यांना इचारलं, पोरीचं नाव कुठं लिवलंय."

"म्या बोट ठिवून दाखवलं," अण्णा म्हणाले. मदत केलेल्या माणसाचा आवाज होता तो.

माझं नाव पूर्ण गेलं होतं. वडलांचं नाव अर्धं, आडनावाची शेवटची दोन अक्षरं तेवढी दिसत होती. कागद उजेडाला धरला, तिरका धरला, मागून बघितला. काही नाही. पिवळं आणि लाल.

मग मी जे बोलले ते लिहायला नको वाटतं, पण लिहिते. मी म्हणाले, "सोमवारी हे दाखवायचंय मला. नाव दिसलं न्हाई तर नोकरी गेली. अडाण्यासारखं काय करून ठिवलंस?"

आई ताटली देवाजवळ ठेवून चुलीकडं गेली. अण्णा म्हणाले, "म्याच दाखवलं गं," आणि फ्रेम भिंतीला टेकवून बाहेर गेले.

आता माझी हुशारी ऐका. मी रसायनशास्त्राची पदवीधर. डाग म्हटल्यावर काय करायचं हे मला विचारायची गरज नव्हती. कोरडी पूड आधी कापसानं हळूच झटकली, हे बरोबर केलं. अक्षत नखानं उचलली, तेही बरोबर. मग कापूस साबणाच्या पाण्यात बुडवून, पिळून, हळदीवर टेकवला.

हळद भडक लाल झाली.

पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला मी स्वतःच्या हातानं हळदीचा कागद केला होता. त्यावर साबणाचं पाणी टाकलं होतं. तो लाल झाला होता. जर्नलमध्ये निरीक्षण लिहिलं होतं, त्याखाली सरांची सही होती. तेच जर्नल, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडं राहिलेलं. आणि घरी आपल्याच नावावर मी तोच प्रयोग पुन्हा केला. चुलीपाशी बसून आईनं ते बघितलं. तेव्हा ती काही बोलली नाही. मला वाटलं, रागावलीय.

शुक्रवारी सकाळी कॉलेजच्या ऑफिसात फोन केला. तिथले क्लार्क साहेब चांगले, तीन वर्षं ओळखीचे.

"खराब झालेलं जमा करायचं आणि दुसरी प्रत मागवायची," ते म्हणाले. "महिना-दीड महिना धरून चल. अर्जात कारण लिहावं लागतं. हरवलं, फाटलं, जळालं, भिजलं. तुझं काय झालंय?"

"हळद-कुंकू लागलंय."

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला.

"भिजलं लिही," ते म्हणाले.

पण महिना-दीड महिना कुठला, आमच्या हातात तीन दिवस होते. एव्हाना बातमी शेजारी गेली होती आणि चुलती पदर खोचून आली होती. तिनं डिग्री लांबूनच बघितली.

"लिंबू चोळ," ती म्हणाली.

"कागद हाय तो, पितळी तांब्या न्हाई," अण्णा म्हणाले.

"मग त्या पेनाच्या दुकानातलं पांढरं मिळतं ते लाव. आन वरून लिही पुन्ना नाव. तुझं अक्षर चांगलं हाय की गं."

"काकू, मला जेलात जायचं न्हाई."

"मग लॅमिनेशन करून आणतो," अण्णा म्हणाले. "निदान हाय तेवढं तरी टिकंल."

तेव्हा आई बोलली. आदल्या दिवशीपासून पहिल्यांदा. ती कुरडयांचा चीक हाटत होती, हातातला दांडा थांबवला नाही, मान वर केली नाही.

"ऊन दावा त्याला."

आम्ही तिघं तिच्याकडं बघायला लागलो.

"हळदीला ऊन सोसत न्हाई," ती म्हणाली. "माझ्या माहेरी हळद शिजवून वाळू घालायचे तवा आमची लुगडी पिवळी व्हायची. धुतल्यानं जात न्हाई. साबण लावला की लाल हुती." इथं तिनं माझ्याकडं बघितलं नाही, हे मुद्दाम. "उनात टाकली की दोन दिसात हुती तशी. म्हून तर दळलेली हळद अंधारात ठिवत्यात."

आईचं माहेर वसमतकडचं. तिकडं हळद लय. लग्न होऊन ती इकडं आली ती हळदीच्या ढिगातूनच उठून आली, असं अण्णा चेष्टेनं म्हणतात. हे मला जन्मापासून माहीत. पण डाग पडल्यावर तिला विचारावं असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"आन कुंकू?" चुलतीनं विचारलं.

"कुंकू बी माझ्या माहेरचं, हळदीचंच केलेलं. बाजारातलं असतं तर म्या तोंडच उघडलं नसतं."

"मग काल कामून बोलली न्हाईस?" मी विचारलं.

"तू कुठं इचारलंस? तू साबण आणायला पळालीस."

चुलती हसली. मला हसू आलं नाही, पण येणार होतं.

"अडाणी म्हणलीस तर म्हणलीस," आई पुढं म्हणाली, "पण अडाण्याला जे कळतंय ते तर इचारावं का न्हाई."

मी मग तिच्याजवळ जाऊन दांडा हातात घेतला आणि चीक हाटायला लागले. आमच्यात माफी अशीच मागतात. ती बाजूला सरकून बसली. म्हणजे मिळाली.

अण्णांना मात्र दुसरीच काळजी लागली. ते डिग्री हातात घेऊन उंबऱ्यावर बसले होते.

"हळद जाईल," ते म्हणाले. "पण उनानं नाव बी गेलं तर?"

हा प्रश्न खरा होता. एसटी स्टँडपाशी दुकानांच्या पाट्या उन्हानं पांढऱ्या झालेल्या आम्ही रोज बघतो. आई पण थांबली. तिनं लुगडी उन्हात टाकली होती, छापलेली अक्षरं कधी टाकली नव्हती. नाव हळदीच्या खालीच होतं, त्यामुळं नाव झाकून डाग तेवढा उन्हात ठेवायची सोय नव्हती.

इथं शेवटी माझं शिक्षण कामाला आलं. डिग्रीसोबत विद्यापीठाची एक चिठ्ठी आली होती, तशाच कागदावर, त्याच छपाईची, वर माझं नाव. मी म्हणाले, आधी हिला लावून बघू. प्रयोग आधी दुसऱ्यावर करायचा, असं आम्हाला शिकवलंय. गुरुवारी ते मी विसरले होते.

"आता हिला बी लावू?" आई म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती आणि थोडा आनंदही होता.

"लाव. कालच्यासारखंच लाव. बोट तेवढंच ओलं पाहिजे."

आईनं देवापुढं बसून चिठ्ठीवरच्या माझ्या नावाला हळद-कुंकू लावलं. अण्णांनी नाव बोटानं दाखवलं, हेही कालच्यासारखंच. मी साबणाचा कापूस टेकवला. सगळं जसंच्या तसं. मग अण्णांच्या मोठ्या फ्रेममध्ये चिठ्ठी ठेवून फ्रेम अंगणातल्या बाजेवर ठेवली.

परभणीच्या उन्हाला आम्ही जन्मभर नावं ठेवली. त्या दिवशी अकरा वाजता ऊन टणटणीत तापलं तेव्हा अण्णा आभाळाकडं बघून म्हणाले, "आता कर म्हणावं काम."

दुपारी तीनला हळद गव्हाच्या काडासारखी फिकी झाली होती. पाचला फ्रेम आत आणली. कुंकवाची जागा फिकट गुलाबी, हळद जवळजवळ गेलेली. आणि मधोमध माझं नाव, काळं कुळकुळीत. अण्णांनी ती चिठ्ठी हातभर लांब धरली, एक डोळा मिटला आणि नावाच्या ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"सुतात हाय," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी खरी डिग्री बाजेवर गेली. बाजेवर आईचं जुनं पातळ अंथरलेलं, त्यावर सगळीकडं कुरडया, आणि त्यांच्या मधोमध सोनेरी फ्रेम. फ्रेम एवढी मोठी आणली त्याचं आता अण्णांना फार कौतुक वाटायला लागलं. "बारकी असती तर वाऱ्यानं उलटली असती," असं त्यांनी दिवसभरात तीन जणांना सांगितलं.

आई गोठ्याच्या भिंतीच्या सावलीत बसली. सावली सरकली की ती सरकायची, आणि ऊन सरकलं की उठून फ्रेम फिरवायची, कुरडया परततात तशी. मला काच उचलायची परवानगी नव्हती.

"शिजायलेलं सारखं उघडून बघू नई," ती म्हणायची. "तू आत जा. तुझ्यानं दम निघत न्हाई."

रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबायच्या. उन्हाळ्यात कुणाच्या बाजेवर काय वाळतंय याची चौकशी आमच्याकडं होतेच.

"काय वाळू घातलं म्हणायचं?"

"पोरीची डिग्री," आई सांगायची.

"ओली दिली का काय त्यांनी?"

"न्हाई, म्या केली ओली."

लपवणं वगैरे काही नाही. दुपारपर्यंत निम्म्या गावाला माहीत झालं की अमक्याच्या पोरीची डिग्री कुरडयांत वाळायलीय. एक म्हातारी तर खास बघायला आली. काठी टेकवून फ्रेमवर वाकली, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "एवढ्याशा कागदासाठी रोज साडेसहाला जात हुतीस व्हय?" मी हो म्हणाले. "मग जप त्याला," असं म्हणून गेली.

चारच्या सुमाराला वावटळ आली. एप्रिलात रोजच येते, पाचोळा आणि धूळ घेऊन वावरातून अंगणात घुसते, गोल फिरते आणि निघून जाते. मी दारातून बघितलं तेव्हा ती बाजेपासून वीस पावलांवर होती. मी ओरडले पण नाही, तेवढा वेळच नव्हता. आई उठली आणि बाजेवर आडवी झाली. फ्रेमवर नाही, फ्रेमच्या चारी बाजूंनी हात-पाय टेकवून, वर पाठीचं छप्पर करून. वावटळ तिच्यावरून गेली. कुरडया अंगणभर झाल्या, काही गोठ्यात गेल्या, दोन चुलतीच्या छपरावर सापडल्या. आई उठली तेव्हा तिच्या केसांत पाचोळा, पदर धुळीनं माखलेला, आणि तिच्या अंगाखाली काचेवर धुळीचा कणसुद्धा नाही.

"गेल्या कुरडया," चुलती म्हणाली.

"कुरडया पुन्ना करता येत्यात," आई म्हणाली आणि पदरानं काच पुसायला लागली. काच स्वच्छ होती, तरी पुसली.

रविवारी दुपारपर्यंत हळद गेली. कुंकवाची फिकी गुलाबी छटा राहिली, तीही बघणाऱ्याला माहीत असेल तरच दिसावी एवढी. मी आईला म्हणाले, "आता उचल." ती म्हणाली, "आणखीन एक तास." अण्णांनी तोवर पोखर्णीच्या नरसिंहाला नारळ बोलून टाकला होता. संध्याकाळी आईनं काच उघडली, डिग्री दोन्ही हातांनी माझ्याकडं दिली आणि विचारलं, "वाच बरं. समदं हाय का?"

मी वाचलं. माझं नाव, अण्णांचं नाव, आडनाव. मोठ्यानं वाचलं. आईला वाचता येत नाही, त्यामुळं ती माझ्या तोंडाकडं बघत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "आन त्ये प्रथम काय म्हणतेस ते?"

"प्रथम श्रेणी. ती पण हाय."

"तिला कुठं धक्का लागला हुता," ती म्हणाली. "तरी वाच."

सोमवारी साडेसहाच्या गाडीला आई माझ्याबरोबर निघाली. मी म्हटलं, कशाला, तिथं ताटकळत बसावं लागेल. ती म्हणाली, "कुणी इचारलं तर म्या सांगते. तू साबणाचं सांगू नगंस." लुगड्याची घडी मोडून नवं नेसली होती.

तपासणीच्या खोलीत तिला आत सोडलं नाही. ती बाहेर लिंबाखाली बसली. माझा नंबर आला. टेबलापलीकडं एक मॅडम, त्यांच्या शेजारी कागदांचे गठ्ठे लावणारे एक तरुण साहेब. दहावी, बारावी, जातीचा दाखला, रहिवासी, सगळ्यावर बरोबरची खूण झाली. मग डिग्री. मॅडमनी ती उचलली, खिडकीकडं धरली. 

"हे काय आहे? गुलाबी?"

"हळद-कुंकू होतं, मॅडम. आईनं लावलं होतं. काढलंय. नाव दिसतंय."

मॅडमनी नाव वाचलं. क्रमांक वाचला. यादीशी ताडून बघितला. बोट नावाच्या खालून फिरवलं, सावकाश.

"लॅमिनेशन नाही ना केलं? ते आम्ही घेत नाही."

"नाही, मॅडम."

त्यांनी खूण केली आणि डिग्री परत दिली. बस्, एवढंच. मी उठले, फाइल आवरली, तेव्हा शेजारचे साहेब म्हणाले, "पण निघालं कशानं ते?"

"मला विचारू नका. आई बाहेर बसलीय."

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा ते खरंच बाहेर आले, लिंबाखाली. मागच्याच महिन्यात त्यांचं लग्न झालं होतं आणि हळदीच्या दिवशीचा पांढरा शर्ट वाया गेला होता. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"साबण लावला का?" तिनं विचारलं.

"लावला."

"लाल झाला?"

"झाला."

"समद्यांनी लावलेला असतो," आई म्हणाली, आणि माझ्याकडं बघून हसली. तीन दिवस दाबून धरलेलं हसू ते. मग मीही हसले, साहेबही हसले, का हसायलोत हे त्यांना कळलं नसावं. आईनं त्यांना नीट समजावून सांगितलं: साधं पाणी, कडक ऊन, दोन दिवस, आणि मधे मधे उचलून बघायचं नाही.

त्यानंतर आमच्या घरी बाया यायला लागल्या. कुणाची नवी ओढणी, कुणाच्या जावयाचा सदरा. एक जण नातवाच्या गुणपत्रिकेवर चहा सांडला म्हणून आली. आईनं कागद बघितला आणि परत दिला. "चहाचं मला येत न्हाई," ती म्हणाली. "माझं हळदीचं हाय." हे तिनं ज्या तोऱ्यात म्हटलं, त्या तोऱ्यात अण्णा तिफणीबद्दल बोलतात आणि चुलती शेवयांबद्दल. मी आतल्या खोलीतून ऐकलं आणि मला माझ्या प्रथम श्रेणीइतकंच बरं वाटलं. थोडं जास्तच.

डिग्री आता फ्रेममध्ये आहे, ऊन पोचत नाही अशा भिंतीवर. शेजारी अर्धी जागा रिकामी आहे. एम.एस्सी.चा फॉर्म मी नोकरी सांभाळून भरलाय, अण्णांनी जागेचा विषय रोज काढल्यामुळं.

नोकरीचा आदेश पोस्टानं आला तेव्हा मी घरीच होते. पाकीट फोडलं, वाचून दाखवलं, अण्णांनी पुन्हा वाचायला लावलं. मी कागद पाटावर ठेवला आणि आईकडं बघितलं. ती ताटली घेऊन उभी होती. बोट ओलं केलेलं, पण पुढं येईना.

"लाव की," मी म्हणाले.

"थांब," अण्णा घाईनं म्हणाले. "आधी तिला इचार नाव कुठं हाय. ती जागा सोडून लाव."

"सोडून कामून?" आई म्हणाली आणि पाटापुढं बसली. "नावावरच लावणार. काढायचं मला येतंय."